नागपूरच्या उन्हाळ्यात लॉनचं टक्कल भरायचंय? आधी गवत ओळखा, मग पाकीट उघडा

एप्रिल लागला की लॉन पिवळं पडतं आणि घरोघरी बियाण्यांची पाकिटं यायला लागतात. पाकिटावर हिरवागार गालिचा, खाली 'ऑल सीझन मिक्स'. बी पडतं, आठवड्यात कोवळं पोपटी गवत वर येतं, घरातले खूश होतात. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तेच गवत तणसासारखं वाळून आडवं पडतं. मग दोष पाण्याला नाहीतर माळ्याला. खरं म्हणजे बहुतेक वेळा गवतच चुकीचं निवडलेलं असतं, आणि निवड चुकते कारण पाकीट आधी येतं आणि प्रश्न नंतर पडतात.

खालचा क्रम मोडू नका. पहिले तीन टप्पे बिनखर्चाचे आहेत, आणि बरीच माणसं नेमके तेच गाळतात.

१. तुमच्या लॉनमध्ये आज कोणतं गवत आहे ते ओळखा

टकलाच्या कडेचं जिवंत गवत गुडघ्यावर बसून बघा. एक आडवी फांदी ओढून घ्या.

हरळी: पात्याची रुंदी दोन-तीन मिलिमीटर, रंग किंचित राखाडी-हिरवा, हाताला मऊ. देठ आडवा धावतो आणि प्रत्येक गाठीला मुळं सोडतो. तुरा आला असेल तर ओळख पक्की: एकाच टोकातून चार-पाच बारीक बोटं पंख्यासारखी फुटलेली असतात. गणपतीला वाहतात ती दूर्वा हीच. कापसाच्या वावरात जिच्यामुळे शेतकरी वैतागतो तीही हीच, आणि शहरात आपण तिचं पाकीट विकत आणतो.

कोरियन किंवा मेक्सिकन नावाने विकलं जाणारं गवत (झोयसिया): पातं ताठ, तळव्याला टोचतं. गादी दाट आणि उशीसारखी फुगलेली. तुरा एकच, बारीक काडीसारखा.

पास्पालम: पातं हरळीपेक्षा थोडं रुंद आणि चकचकीत, तुरा इंग्रजी 'व्ही'सारखा दोन फाट्यांचा.

बफेलो: पातं चांगलं आठ-दहा मिलिमीटर रुंद, टोक होडीसारखं बोथट.

हे ओळखणं इतकं महत्त्वाचं का? कारण कोरियन लॉनच्या टकलात हरळीचं बी टाकलं तर ते उगवेल, फोफावेल, आणि दोन वर्षांत कोरियनला आतून पोखरेल. दोन रंगांचं, दोन उंचीचं ते लॉन पुन्हा एकसारखं करायचं तर सगळं उकरून काढण्यावाचून इलाज नाही. नर्सरीत 'सिलेक्शन वन' नावाने मिळणारं गवतही फांद्या लावूनच वाढवतात. त्यातही बियाण्याची हरळी वेगळी दिसते.

तपासा: लॉनच्या तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांतून फांद्या घ्या. जुन्या बंगल्यांच्या आवारात एकाच लॉनमध्ये दोन गवतं असणं नेहमीचं आहे.

२. ते मेलंय की फक्त झोपलंय

पाणी तुटलं की हरळी वरून तपकिरी होते आणि जमिनीखाली जीव राखून असते. अशा जागी पुन्हा पेरणं म्हणजे जिवंत गवत उकरून त्याच्या जागी बी टाकणं.

पिवळ्या भागातून हातभर अंतरावर तीन-चार आडवे देठ उपटा आणि नखाने खरवडा. आतून पांढरट आणि चिवट असेल तर जिवंत. आतून तपकिरी असेल आणि वाकवल्यावर कट्कन मोडत असेल तर मेलेलं. शंका राहिली तर दोन बाय दोन फुटांचा चौकोन आखून त्याला १२ ते १४ दिवस रोज सकाळी पाणी द्या. हिरवा कोंब दिसला तर बियाण्याचे पैसे वाचले.

३. टक्कल का पडलं ते शोधा

कारण तसंच ठेवून पेरलेलं गवत त्याच कारणाने पुन्हा जातं. नागपुरात वारंवार सापडणारी कारणं अशी:

कूलरचं पाणी. डेझर्ट कूलरच्या टाकीत पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. आठवड्याने टाकी उपसून ते पाणी लॉनवर ओतलं की त्याच जागी गोल पिवळा डाग पडतो. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. ही दोन्ही पाणी फरशी धुवायला वापरा.

मुरमाचं भरण. बेसा, मनीष नगरसारख्या नव्या लेआउटमध्ये प्लॉट मुरूम टाकून उंच केलेले असतात. वर चार इंच काळी माती, खाली ठणठणीत मुरूम. लांब स्क्रू ड्रायव्हर ओल्या जमिनीत दाबून बघा. चार इंचांच्या आत अडकला तर मुळांना जागा नाही.

सावली. हरळीला रोज किमान सहा तास थेट ऊन लागतं. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या दाट सावलीत ती विरळ होणारच, तिथे बी कितीही ओता.

हुमणी आणि उधळी (वाळवी). पिवळ्या भागाच्या कडेला एक चौरस फूट गवत फावड्याने पलटा. गवत चटईसारखं सुटून आलं आणि खाली सी आकाराच्या पांढऱ्या अळ्या पाच-सहाच्या वर निघाल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करा.

येण्याजाण्याची पायवाट. फाटकापासून नळापर्यंत रोज जाणं-येणं असेल तर तिथे चार फरशा टाका. गवताचा हट्ट सोडा.

४. आता गवत निवडा

मुळात गवतं दोन जातीची: थंड हवेची आणि गरम हवेची. राय, फेस्क्यू, ब्लूग्रास ही पहिल्या जातीची. त्यांना १६ ते २४ अंश तापमान मानवतं. मेमध्ये पारा ४५ च्या आसपास जातो त्या गावात ती नावं असलेलं पाकीट कितीही स्वस्त असो, ते परत ठेवा. राय पाच-सात दिवसांत उगवते, म्हणून मिक्समध्ये घालतात. गिऱ्हाइकाला लवकर हिरवं दिसतं. पुढे ती जळते आणि तोवर तिने हरळीच्या कोंबाचं पाणी आणि जागा खाल्लेली असते. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक छापलेले असतात, ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

गरम हवेच्या गवतांत नागपूरपुरता हिशोब असा:

भर उन्हातली जागा, जुनं गवत हरळी: हरळीचंच बी. २७ ते ३५ अंशांत ती सगळ्यात जोमाने वाढते, बोअरचं खारट पाणी बऱ्यापैकी सोसते, पाणी तुटलं तर मरण्याऐवजी झोपते. उन्हाळ्यात बियाण्याने भरायचं तर व्यवहारात हा एकच पर्याय उरतो.

जुनं गवत कोरियन किंवा सिलेक्शन वन: बी नको. त्याच गवताचे तुकडे लावा, कृती आठव्या टप्प्यात दिली आहे. कोरियन सावकाश पसरतं, हाताएवढं टक्कल भरायलाही महिने घेतं. म्हणून तुकडे जवळजवळ लावावे लागतात.

अर्धवट सावली: बफेलो किंवा रुंद पानांचं कार्पेट गवत, तेही लागवडीने. पण कार्पेट गवताला सतत ओल लागते. पाण्याची तंगी असेल तर तिथे गवतच नको, शेवाळी दगड किंवा कुंड्या बऱ्या.

बोअरचं पाणी फारच खारं: पास्पालम. क्षार सोसण्यात त्याचा हात धरणारं गवत नाही, पण ते सगळीकडे मिळत नाही.

खेळाच्या मैदानावर लावतात त्या संकरित हरळ्या (टिफड्वार्फ, टिफवे) बी धरतच नाहीत. त्यांच्या नावाचं बियाणं कोणी विकत असेल तर आतलं बी दुसऱ्या कशाचं तरी आहे.

५. वेळ आणि पाण्याचा हिशोब

मार्च ते एप्रिलचा मध्य हा उत्तम काळ. रात्री उबदार झालेल्या असतात आणि दुपार अजून जाळत नाही. एप्रिलच्या मध्यापासून २० मेपर्यंत फक्त छोटी टकलं भरा. २५ मेला नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की पेरणी बंद ठेवा. पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो. पहिले जोरदार सडाके होऊन जाऊ द्या आणि मग जूनअखेर ते जुलैत, उघडीप बघून पुन्हा सुरू करा. पहिल्या पावसाच्या आदल्या दिवशी पेरलेलं बी वाहून उताराच्या कोपऱ्यात गोळा होतं आणि तिथेच गुच्छाने उगवतं.

आता पाणी मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कोवळ्या पेरणीला दिवसातून चार वेळा, दर खेपेला दोन मिलिमीटर लागतं. २० चौरस फुटांच्या टकलाला ते रोजचं १५ लिटर, म्हणजे एक बादली. १,००० चौरस फुटांच्या पूर्ण लॉनला तेच सुमारे ७४० लिटर. नळाला एकच वेळ पाणी असेल, बोअर मेमध्ये आटत असेल, तर मोठी पेरणी पावसावर ढकला. अर्धवट भिजवलेलं बी हे न पेरलेल्या बियाण्यापेक्षा वाईट: फुगतं, कोंब काढतं आणि दुपारी वाळतं. त्याला दुसरी संधी नसते.

६. बियाणं घेताना

हरळीचं बी दोन प्रकारचं मिळतं. टरफल काढलेलं बी सात ते चौदा दिवसांत उगवतं. टरफलासकटचं दोन ते चार आठवडे घेतं. उन्हाळ्यात चार आठवडे रोज चार वेळा पाणी कोण देणार? टरफल काढलेलंच मागा. काही बियाण्यांवर रंगीत लेप असतो. लेपाचं वजन निम्म्यापर्यंत असू शकतं, म्हणून असं बी दुप्पट वजनाने मोजा.

लेबलवर उगवणशक्ती, शुद्धता, चाचणीची तारीख आणि वैधता बघा. सुट्या पिशवीत वजन करून दिलेलं बी घेऊ नका. गोदामात पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेलं बी दिसायला नव्यासारखंच असतं.

तपासा: १०० दाणे मोजून ओल्या टिपकागदावर पसरा, झाकणाच्या डब्यात ठेवा, कागद वाळू देऊ नका. दहाव्या दिवशी कोंब मोजा. ८० च्या वर असतील तर छान. ६० असतील तर बी सव्वा ते दीडपट घ्या. ५० च्या खाली असतील तर दुकानदाराला परत.

७. माती तयार करा

काळ्या मातीचा स्वभाव माहीत असेलच: भिजली की फुगते, वाळली की भेगा. भेगेत पडलेलं बी चार इंच खाली जातं आणि तिथेच संपतं.

मेलेलं गवत अगदी बुडाशी कापून दंताळ्याने ओरबाडून काढा. खालचा वाळलेला थर निघायलाच हवा, नाहीतर बी मातीला न टेकता त्याच्यावर लोंबकळतं. मग जागेला आठ-दहा दिवस नुसतं पाणी द्या. मोथा, घोळ, केना, गाजरगवत जे उगवायचं ते उगवेल. ते मुळासकट काढा. मोथ्याच्या गाठी खुरप्याने खोल जाऊन काढाव्या लागतात, वरून उपटला की तो दुप्पट होऊन येतो. हे आठ दिवस वाया जात नाहीत, पुढचे दोन महिने तण काढण्यातून वाचवतात.

त्यानंतर दोन-तीन इंच माती सैल करा. एक भाग मूळची माती, एक भाग रेती, एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत असं मिश्रण त्यातच कालवा. १०० चौरस फुटांना २५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मिसळा. फळीने सपाट करा, पायाने हलके दाबा, पाणी देऊन एक रात्र बसू द्या. सकाळी जिथे खळगा दिसेल तिथे भर घाला.

सावधान: काळ्या मातीवर नुसत्या रेतीचा थर पसरू नका. पाणी रेतीतून खाली उतरतं आणि मातीवर अडकतं. मुळं रेतीतच राहतात आणि भाजतात. कच्चं शेणखतही नको, त्यासोबत उधळी आणि तणाचं बी फुकट येतं.

सावधान: गेल्या दोन-तीन महिन्यांत तण उगवू नये म्हणून पेंडीमिथॅलिनसारखं औषध मारलं असेल तर थांबा. ते तणाच्या आणि हरळीच्या बियाण्यात फरक करत नाही.

८. पेरणी किंवा टोबणी

बियाण्याने: १०० चौरस फुटांना ७० ते ८० ग्रॅम बी. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, मुठीचा अंदाज नको. एका ग्रॅममध्ये चारेक हजार दाणे असतात, त्यामुळे या मापात दर चौरस इंचाला वीसेक दाणे पडतात. 'जास्त टाकलं तर दाट येईल' असं वाटून तिप्पट बी टाकलं की केसासारखी बारीक रोपं एकमेकांचं पाणी ओढतात आणि तिसऱ्या आठवड्यात झुपक्याने मरतात.

पेरणी संध्याकाळी पाचनंतर करा, वारा पडलेला असतो.

बी त्याच्या आठ-दहा पट कोरड्या बारीक रेतीत मिसळा. निम्मं उत्तर-दक्षिण टाका, निम्मं पूर्व-पश्चिम. दंताळं उलटं धरून पाठीने हलकेच फिरवा. वर खत-रेतीची चाळण, जास्तीत जास्त पाच मिलिमीटर. अर्धा इंच मातीखाली गेलेलं हरळीचं बी वर येत नाही. फळी ठेवून तिच्यावर उभे राहा, सरका, पुन्हा उभे राहा. बी मातीला चिकटलं पाहिजे.

मग बारदाना ओला करून अंथरा आणि कडांना विटा ठेवा. धानाची तणसही चालते, पण इतकी विरळ की खालची माती दिसली पाहिजे. बारदान्यामुळे ऊन थेट बसत नाही, मैना बी टिपत नाहीत आणि पाण्याच्या धारेने ते सरकत नाही.

लागवडीने: कोरियनचे दोन बाय दोन इंचांचे तुकडे चार-चार इंचांवर बसवा, तुकड्याचा माथा जमिनीच्या पातळीत. नर्सरीतून आलेल्या गालिच्याखाली लाल चिकण माती असते. ती बोटाने झाडून पातळ करा, नाहीतर काळ्या मातीत मूळ उतरायला का-कू करतं. गालिच्याची गुंडाळी दुपारभर उन्हात पडू देऊ नका. आतल्या आत तापून दुसऱ्या दिवशी पिवळी निघते. सकाळी माल, संध्याकाळी लागवड.

हरळीच्या फांद्याही अशाच लावता येतात आणि मेमध्ये ती पद्धत बियाण्यापेक्षा भरवशाची. तीन गाठींची कांडी घ्या, दोन गाठी मातीत, एक बाहेर. कपाशी टोबतात तशा तीन-चार इंचांवर टोबत जा आणि प्रत्येक ओळ पायाने दाबा.

९. पहिले एकवीस दिवस

पहिल्या बारा दिवसांत पाण्याच्या वेळा: सकाळी सहा, साडेदहा, दुपारी दोन, संध्याकाळी साडेपाच. दर वेळी फक्त वरचा अर्धा इंच भिजेल एवढंच. हजारी झारी किंवा बारीक फवारा वापरा. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून मारलेली धार बी उखडते.

सावधान: उन्हात पडलेल्या पाइपातलं दुपारचं पहिलं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं. ते आधी बादलीत काढा. गच्चीवरच्या काळ्या टाकीचंही दुपारी तेच. सकाळी सावलीत एक ड्रम भरून ठेवा आणि दुपारच्या पाळीला त्यातलं वापरा.

बारदान्याच्या विणीतून हिरवी टोकं दिसली की त्याच संध्याकाळी तो उचला. एक दिवस उशीर झाला तर कोंब विणीत अडकतात आणि बारदान्याबरोबर उपटून येतात. त्यानंतर आठ-दहा दिवस अकरा ते चार या वेळात दीड-दोन फूट उंचीवर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी बांधा. चारनंतर काढायची. कायम ठेवलेल्या जाळीखाली गवत लांबुडकं आणि फिकट होतं.

तेराव्या दिवसापासून दोन पाळ्या, सकाळ आणि दुपार. अठराव्यापासून सकाळची एकच, पण खोल. या टप्प्यावर लोक रोज चार शिंतोडे मारत राहतात, मुळं वरच बसतात आणि एक दिवस पाणी चुकलं की सगळं जातं.

तपासा: संध्याकाळी गवतावर पाऊल टेकवून उचला. पाती लगेच उभी राहिली तर पाणी पुरेसं आहे. पावलाचा ठसा तसाच राहिला तर सकाळचं पाणी वाढवा.

मुंग्यांची रांग बी ओढून नेताना दिसली तर बी फक्त तेवढ्या ओळीत पुन्हा टाका. सगळीकडे नको.

१०. पहिली कापणी आणि खत

रोप पाच सेंटिमीटर झालं की पहिली कापणी, साडेतीनवर. जमीन कोरडी हवी आणि पातं धारदार. बोथट पातं कोवळी मुळं खेचून काढतं आणि कापलेली टोकं पांढरी पडतात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नका. उन्हाळाभर लॉन थोडं उंचच ठेवा. गुळगुळीत कापलेलं लॉन फोटोत छान दिसतं आणि मेमध्ये जमीन उघडी टाकतं.

तीन आठवड्यांनंतर १०० चौरस फुटांना ५० ग्रॅम युरिया, संध्याकाळी, कोरड्या पात्यांवर, आणि लगेच भरपूर पाणी. पेरतानाच युरिया टाकला तर कोंब जळतो.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या राहिल्या तर युरिया वाढवू नका. आपल्या चुनखडीच्या काळ्या मातीत लोह असूनही गवताला मिळत नाही, त्याचं ते लक्षण. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी फवारा. कोटा किंवा शहाबाद फरशी शेजारी असेल तर आधी ती झाका, तांबडे डाग नंतर निघत नाहीत.

उरलेल्या उन्हाळ्यात भरलेल्या लॉनला रोज सरासरी पाच मिलिमीटर धरा. म्हणजे १,००० चौरस फुटांना आठवड्याला सुमारे ३,२५० लिटर, दोन-तीन खोल पाळ्यांत वाटून. पाऊस सुरू झाला की पाळी बंद करा आणि मोठ्या पावसानंतर तासाभराने नव्या जागेवर एक चक्कर मारा. पाणी साचून राहिलेलं दिसलं तर खुरप्याने कडेला वाट काढून द्या. काळ्या मातीवर दोन दिवस तुंबलेल्या पाण्यात महिन्याभराची हरळीही कुजते.